वस्तीवर गॅसने प्लेट कापताना

गळिताचा हंगाम तोंडावर आला म्हणजे राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव या ऊसपट्ट्यातील वस्त्यावस्त्यांवर ट्रॉल्यांची, बैलगाड्यांची आणि नांगर-कुळवांची डागडुजी सुरू होते. आणि त्या गडबडीत एखादी जाड प्लेट हवी तशी कापून घेण्यासाठी तालुक्याच्या गावी खेप घालावी, तेथे दिवसभर खोळंबून राहावे, ही तसदी घेण्यापेक्षा ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन टाक्या आणि एक गॅस कटर उसना आणून घरच्या अंगणातच काम उरकावे, असा बेत पुष्कळजण करतात. हा बेत मी सरसकट वाईट मानीत नाही. १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली, आणि त्यांच्या वर्कशॉपांत हात तयार झालेले कारागीर आज गावोगाव भेटतात. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. परंतु हात तयार असणे आणि कारण ठाऊक असणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असतातच असे नाही, आणि घरी काम करू पाहणाऱ्यास तर बहुधा दोहोंची उणीव असते. ज्याने कधी कटर हाती धरलेला नाही, त्याने हा लेख वाचून एकट्याने काम आरंभू नये. जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून दोन-चार दिवस भंगाराचे तुकडे कापून पाहावेत, आणि मग हा लेख पुन्हा वाचावा.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गॅसच्या ज्वालेने लोखंड वितळते आणि वितळून तुटते, असे बहुतेकांस वाटते. वास्तविक तेथे लोखंड जळत असते. पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. परंतु ते ९०० अंशांच्या आसपास, म्हणजे लोहाराच्या भात्यापुढे जो तेजस्वी लाल रंग दिसतो त्या रंगास पोहोचले, आणि त्याच क्षणी त्यावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडला, की वाळलेल्या लाकडाप्रमाणे ते पेट घेते, आणि जळून जी कीट तयार होते ती खुद्द पोलादाच्या आधी पातळ होत असल्यामुळे झोताच्या जोराने फटीतून खाली वाहून जाते. अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या कुळवाच्या फासेला दहा पावसाळ्यांत जो गंज चढतो, तोच लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग येथे निमिषार्धात घडतो. ज्वालेकडे काम काय ते पेटवून देण्याचे आणि पेटते ठेवण्याचे. कापण्याचे काम प्राणवायूचे.

एवढी गोष्ट मनात पक्की बसली म्हणजे पुढील कित्येक नियम पाठ करावे लागत नाहीत. कोणता धातू या कटरने कापला जाईल, याचा उलगडाही तीतूनच होतो. बाजारात ज्याला एम.एस. म्हणतात ते साधे सौम्य पोलाद उत्तम कापले जाते. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते, आणि त्याची जी साय पृष्ठभागावर धरते ती २००० अंशांवरही पातळ होत नसल्यामुळे खालच्या धातूपर्यंत प्राणवायूस वाटच मिळत नाही. बीड हे जळण्यापूर्वीच वितळू लागते आणि त्याची कड ओबडधोबड फुटते. आणि तांबे, पितळ, कांसे यांची तर या रीतीने जळण्याची प्रकृतीच नाही. निजामशाहीत १५४९ साली रूमी खानाने आपल्या नगरास ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ती अवाढव्य मलिक-ए-मैदान तोफ मिश्रधातूची आहे. तिच्यावर आजचा मोठ्यातला मोठा गॅस कटर चालविला तरी तिला फार तर चटका बसेल, सरळ चीर पडणार नाही. म्हणून भंगारातून आणलेला तुकडा कोणत्या जातीचा आहे हे ग्राइंडरच्या ठिणगीवरून अथवा कानशीच्या ओरखड्यावरून जाणकाराकडून ठरवून घ्यावे, आणि मगच टाक्या आणण्याच्या खटपटीस लागावे.

जाडीचाही विचार तितकाच अगत्याचा आहे. एका सुताहून, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरांहून पातळ पत्रा गॅसने कापण्याच्या भानगडीत पडू नये. त्यास ग्राइंडर किंवा पत्र्याची कात्री पुरेशी होते. पातळ पत्रा एका कडेने तापला आणि दुसऱ्या कडेने थंड राहिला की तो पापडासारखा वाकतो, आणि मग तो सरळ करण्यात कापण्याच्या दुप्पट वेळ जातो. ज्यांनी लहानपणी गाडीच्या चाकाला धाव चढविताना पाहिली असेल, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होऊन कशी ऐसपैस होते आणि पाणी पडताच लाकडावर कशी करकचून बसते, त्यांना लोखंडाच्या या फुगण्या-आवळण्याविषयी अधिक सांगावयास नको. ट्रकच्या पाट्याचे पोलाद हे आणखी निराळे प्रकरण आहे. कोयते आणि विळे करण्यासाठी पाटा गॅसने कापतात खरे, पण त्यात कर्ब अधिक असल्यामुळे कापलेली कड एकदम निवली तर काचेसारखी कडक होते, तिच्यात बारीक तडे जातात आणि ड्रिल तिच्यावरून नुसते घसरते. असा तुकडा कापण्यापूर्वी थोडा शेकून घ्यावा, कापल्यावर कोरड्या राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावा, आणि कडेचे दोन-तीन मिलिमीटर घासून काढून टाकावे. पाण्यात मात्र कदापि बुडवू नये.

आता टाक्यांविषयी. प्राणवायूची काळी टाकी भरलेली असते तेव्हा तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो इतका दाब असतो. तिच्या मानेवरील झडप धक्क्याने मोडली तर ती टाकी तोफेच्या गोळ्याप्रमाणे सुटते, म्हणून ती नेहमी साखळीने खांबास अथवा गाडीस जखडलेली असावी आणि वाहून नेताना तिची टोपी घट्ट बसविलेली असावी. ॲसिटिलीनची टाकी तांबूस मरून रंगाची असते आणि तिचा स्वभाव वेगळा आहे. हा वायू मोकळा दाबला असता आपल्या आपण फुटतो, म्हणून टाकीत सच्छिद्र भरणा घालून त्यात ॲसिटोन मुरविलेले असते आणि वायू त्यात विरघळवून ठेवलेला असतो. त्यामुळे ती टाकी आडवी टाकून मोटारसायकलवरून आणण्याचा जो रिवाज आपल्याकडे पडला आहे तो सर्वथा घातक होय, आणि कोणी आणलीच तर ती उभी करून काही तास तशीच राहू दिल्याशिवाय उघडू नये. रेग्युलेटरच्या पुढे ॲसिटिलीनचा दाब एका किलोच्या वर केव्हाही जाऊ देऊ नये. त्याच्या वाटेत तांब्याची नळी अथवा जोड घालण्यासही मज्जाव आहे, कारण तांब्याशी संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो. फुटलेल्या रबरी नळीस तांब्याचा तुकडा घालून जोडणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी ती नळी काढून टाकावयास लावली आहे.

ॲसिटिलीनऐवजी एल.पी.जी. वापरण्याचा प्रघात आता सर्वत्र पडला आहे आणि खर्चाच्या दृष्टीने तो समंजसपणाचा आहे. ज्वाला थोडी कमी तापट असल्यामुळे प्लेट पेटावयास अधिक वेळ लागतो, एवढाच फरक. मात्र त्यासाठी नोझल निराळे लागते आणि टाकी व्यावसायिक वापराची, १९ किलोची लागते. स्वयंपाकघरातील १४.२ किलोची लाल टाकी या कामास लावण्यास केंद्र सरकारच्या २००० सालच्या आदेशान्वये मनाई आहे, आणि कायदा बाजूस ठेवला तरी घरातील माणसांच्या चुलीची टाकी ठिणग्यांच्या शेजारी आणून ठेवणे हे विचारी माणसाचे लक्षण नव्हे. एल.पी.जी. हवेहून जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत विहिरीत, तळघरात, बायोगॅसच्या खड्ड्यात जाऊन साठतो आणि ठिणगीची वाट पाहत राहतो. टाक्यांच्या साठ्याचे नियम २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमावलीत आहेत आणि त्यांचा अंमल नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय खात्याकडे आहे. घरच्या एका कामासाठी साठा करण्याची गरजच नाही. अधिकृत विक्रेत्याकडून काय ती एकेक टाकी आणावी, पावती जपून ठेवावी आणि काम होताच टाकी परत करावी.

प्राणवायूविषयी लोकांच्या मनात जी निर्धास्त भावना असते तिची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते. एप्रिल २०२१ मध्ये कारखान्यांचा प्राणवायू थांबवून तो रुग्णालयांकडे वळविला गेला, तेव्हा आमच्या भागातील फॅब्रिकेशनची दुकाने काही दिवस गप्प झाली होती, आणि त्या दिवसांपासून काळी टाकी म्हणजे जीव वाचविणारी वस्तू अशी तिची ओळख घरोघर झाली. ती ओळख खरी आहे. परंतु हवेत शेकडा २१ भाग असणारा हा वायू जेव्हा शुद्ध स्वरूपात कपड्यांत, केसांत, गोणपाटात मुरतो, तेव्हा एरवी नुसती विझून जाणारी ठिणगी त्या कपड्याचा क्षणात भडका उडविते. कपड्यांवरील धूळ प्राणवायूच्या झोताने झटकणे, उकाडा होतो म्हणून अंगावर वारा घेणे, ट्रॅक्टरच्या इंजिनात तो सोडून ते सुरू करू पाहणे, हे सर्व प्रकार मृत्यूला बोलावणे धाडण्यासारखे आहेत. तसेच तेल आणि ग्रीस. ट्रॅक्टरचे बेअरिंग भरता भरता उठून त्याच ग्रीसच्या हातांनी प्राणवायूचा रेग्युलेटर बसविणारा माणूस अतिशय कुशल असेल, पण त्या जोडाशी दाबलेला प्राणवायू आणि ग्रीस यांची गाठ पडली तर पेटविण्यास ठिणगीचीही जरुरी राहत नाही. साबणाने हात धुवावेत, कोरडे करावेत, आणि मगच काळ्या टाकीस स्पर्श करावा.

जागा निवडताना वाऱ्याची दिशा पाहावी. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. फाल्गुनापासून मृगापर्यंत वस्तीवर जिकडे पाहावे तिकडे वाळलेलेच असते: कडब्याची गंजी, उसाचे पाचट, गोठ्यावरील पाल्याचे छप्पर, कुंपणाच्या काटक्या. ठिणग्या तीस-पस्तीस फुटांपर्यंत सहज जातात आणि जमिनीवर आपटून उसळत पुढे पळतात, म्हणून तेवढ्या टापूत यांपैकी काहीही असता कामा नये. हलविता येत नसेल तर काम हलवावे. खाली ओलसर माती किंवा वाळू असावी. कोब्यावर थेट कापू नये, कारण तापलेल्या काँक्रीटच्या ढलप्या फटकन उडतात आणि त्या डोळ्यांच्याच उंचीवर येतात. दोन बादल्या पाणी आणि एक पोते वाळू हाताशी ठेवावी, मुलाबाळांस आणि जनावरांस दूर करावे, आणि एका मोठ्या माणसास केवळ ठिणग्यांवर नजर ठेवण्याच्या कामी बसवावे; कापणाऱ्याचे लक्ष रेघेवर असते, त्याला मागे काय पेटले ते दिसत नाही.

कोणत्या वस्तूस कटर लावू नये, हे येथे निक्षून सांगतो. डिझेलचे रिकामे बॅरल, ट्रॅक्टरची टाकी, फवारणीच्या औषधाचे पिंप, मळीच्या टँकरचा भाग, गोबरगॅसची जुनी लोखंडी टाकी, आणि दोन्ही तोंडे बंद असलेली कोणतीही नळी: यांतले काहीही, कितीही वर्षे उघड्यावर पडलेले असो, घरी कापावयाचे नाही. बॅरल धुऊन वाळविले म्हणून ते निर्धोक होत नाही. शिवणीत राहिलेले चमचाभर तेल उष्णतेने वाफ होते आणि ती वाफ झाकण उडवावयास पुरते. गोबरगॅसच्या टाकीत तर जळणारा वायूच साठविलेला असतो. टायर चढविलेल्या चाकाच्या रिंगलाही ज्वाला दाखवू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी कापल्यास पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला म्हणजे त्या रात्री हिवतापासारखी थंडी भरते. मुलामा आधी घासून काढावा आणि वाऱ्याच्या बाजूस उभे राहावे.

अंगावर जाड सुती कपडे असावेत, टेरिलीनचा शर्ट नसावा, कारण तो वितळून कातडीस चिकटतो. पायांत घोट्यापर्यंत येणारे चामडी बूट, आणि पँटचे पाय बुटांच्या आत न खोचता बाहेर सोडलेले. आत खोचले म्हणजे तप्त कीट थेट बुटात उतरते. हातांत चामडी मोजे, पुढे चामडी एप्रन, डोळ्यांवर ५ नंबरच्या काचेचा चष्मा. साधा उन्हाचा काळा चष्मा येथे कामाचा नाही.

जुळणीस घाई करू नये. टाकीची झडप किंचित उघडून लगेच मिटावी, म्हणजे तोंडाशी बसलेली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर बसवावा. प्राणवायूचे आटे उजवे आणि इंधनवायूचे डावे असतात, ते मुद्दाम, गफलत होऊ नये म्हणून. निळी नळी प्राणवायूची, लाल इंधनाची. कटरपाशी परतझडप आणि रेग्युलेटरपाशी ज्वालारोधक, ज्याला दुकानदार फ्लॅशबॅक अरेस्टर म्हणतात, हे दोन्ही असल्याशिवाय उसना कटरही घेऊ नये. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल ठेवून, स्वतः बाजूस उभे राहून टाकी हळूहळू उघडावी. सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसला तर काम थांबवावे. प्लेट १२ मिलिमीटरची असेल तर ३/६४ नोझल, प्राणवायूचा दाब दोन ते अडीच किलो आणि ॲसिटिलीनचा पाव किलोच्या आतच, असा साधारण हिशेब धरावा. नोझल बनविणाऱ्याचा तक्ता मिळाला तर तोच प्रमाण मानावा.

प्रथम इंधनाची झडप थोडी उघडून लायटरने ज्वाला पेटवावी, काडेपेटीने नव्हे. काजळी धरणे थांबेपर्यंत इंधन वाढवावे आणि मग प्राणवायू सावकाश सोडावा. पिवळी, आळसावलेली ज्वाला आखडत जाते, निळी होते, आणि नोझलच्या तोंडाशी लहान लहान, टोकदार, पांढरट-निळ्या कळ्या स्पष्ट दिसू लागतात. कापण्याचा खटका दाबून पाहावा. कळ्या तशाच राहिल्या तर ज्वाला जमली.

प्लेटवर वेल्डरच्या खडूने रेघ ओढावी आणि तिच्यावर पंचाने ठिपके उमटवावेत, कारण ज्वालेच्या उजेडात खडू दिसेनासा होतो आणि ठिपके मात्र चमकत राहतात. रेघेची जागा ठरविताना फटीसाठी दोन मिलिमीटर सोडावे. गंज आणि रंग तारेच्या ब्रशने खरवडून टाकावा. रेघेशेजारी अँगलचा सरळ तुकडा ठेवून त्याच्या आधाराने कटर चालविला म्हणजे नवख्या हाताचीही कड सुबक येते. खाली पडणारा तुकडा कोठे पडेल हे आधी पाहून ठेवावे: १२ मिलिमीटरच्या प्लेटचा दोन फूट लांब-रुंद तुकडा ३५ किलोचा असतो, आणि तो पायावर किंवा नळीवर पडता कामा नये.

कळ्यांची टोके प्लेटपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहतील अशा बेताने नोझल कडेच्या कोपऱ्यावर धरावे आणि वाट पाहावी. आधी करडेपणा जातो, मग काळपट तांबडा, मग जांभळट लाल, आणि शेवटी कोपरा असा तेजाळतो की त्याची धार जणू ओली झाली आहे असे भासते. तोच क्षण. खटका हळू, पण पुरता दाबावा. प्लेटच्या खालून ठिणग्यांचा पिसारा सुटतो आणि कागद फाडल्यासारखा एकसारखा, सलग आवाज येऊ लागतो. हा आवाज ओळखण्यास कान शिकला म्हणजे अर्धे काम झाले. ठिणग्या सरळ खाली पडत असतील तर चाल योग्य. त्या वर उसळू लागल्या तर हात घाईत आहे आणि प्लेट आरपार कापली जात नाही. वरच्या कडा वितळून गोल होऊ लागल्या तर हात रेंगाळतो आहे. १२ मिलिमीटरच्या प्लेटवर मिनिटाला फूट-सव्वा फूट ही चाल सामान्यतः बरोबर ठरते. मध्येच काप तुटला तर तेथेच खटका दाबून बसू नये. खटका सोडावा, अर्धा इंच मागे यावे, पुन्हा लाल करावे आणि मग पुढे चालावे. चांगल्या कापाची ओळख अशी, की कडेवर उभ्या बारीक रेषा असतात आणि खाली लोंबणारी कीट हातोडीच्या एका टिचकीने गळून पडते.

नोझल प्लेटला टेकले, त्यात कीट अडकली किंवा दाब कमी पडला, तर फटकन आवाज होऊन ज्वाला विझते. तेव्हा दोन्ही झडपा मिटून नोझल निववावे आणि सुईने साफ करावे. पण ज्वाला आत शिरून कटरमधून शिट्टी वाजू लागली तर विचार करीत बसू नये: प्रथम कटरवरील प्राणवायूची झडप मिटावी, लागलीच इंधनाची, आणि मग दोन्ही टाक्या बंद कराव्यात. त्या दिवशी तो कटर पुन्हा पेटवू नये, दुकानात दाखवावा. भाजले तर ती जागा वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी. तूप, शाई, टूथपेस्ट यांतले काही लावू नये, आणि भाजणे मोठे असेल तर तडक दवाखाना गाठावा.

काम संपल्यावर आधी इंधनाची आणि मग प्राणवायूची झडप मिटावी, टाक्या बंद कराव्यात, नळ्यांतील उरलेला वायू मोकळ्या हवेत एकेक करून सोडावा आणि रेग्युलेटरचे स्क्रू सैल करावेत. यानंतर तासभर तेथून हलू नये. एका चैत्रातल्या दुपारी मी ट्रॉलीच्या हुकाची प्लेट कापून, सर्व आवरून, जेवावयास बसलो होतो. ताटावर असतानाच करपल्याचा वास आला. गोठ्याच्या दाराखाली दोन बोटांची फट होती, तीतून एक ठिणगी आत जाऊन दावणीतल्या कडब्यात शिरली होती आणि चाळीस मिनिटे धूरही न दाखविता आतल्या आत धुमसत होती. बैल बाहेर बांधले होते आणि पाणी जवळ होते, म्हणून दावणीची एक फळी जळण्यावर भागले. तेव्हापासून फटी मी ओल्या गोणपाटाने बुजवितो, आणि काम संपल्यावर त्या गोणपाटावर पुन्हा पाणी मारतो.

आणखी एक. कापलेले लोखंड लाल असते तोवर कोणीही त्यास हात लावीत नाही. तांबडेपणा गेला की ते थंड लोखंडासारखेच काळे दिसते, आणि तेव्हाही ते तळहाताची कातडी सोलून काढण्याइतके तापलेले असते. म्हणून खडू खिशात परत घालण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर मोठ्या अक्षरांत ‘गरम’ असे लिहून ठेवावे.